वेस्ट झोनचं तिकीट कोण काढतं?

कॉलेजच्या प्रवेशाच्या पावतीवर शिक्षण शुल्क, ग्रंथालय, ओळखपत्र या रकान्यांच्या खाली दोन ओळी असतात. त्या सहसा कुणी वाचत नाही. एक जिमखाना शुल्काची, दुसरी विद्यापीठ क्रीडा शुल्काची. नावं विद्यापीठागणिक थोडी बदलतात, हिशेब मात्र सगळीकडे सारखाच असतो: पहिली रक्कम कॉलेजात राहते, दुसरी विद्यापीठाकडे जमा होते. भारतातल्या विद्यापीठीय खेळांचा पाया या दोन ओळींवर उभा आहे. टीव्हीवर दिसणारी खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा हा त्याच्या कितीतरी वरचा मजला.

वरच्या मजल्यावर केंद्राचा पैसा आहे आणि पाया विद्यार्थ्यांच्या फीवर चालतो. एवढं लक्षात ठेवलं की या व्यवस्थेतले निम्मे गोंधळ आपोआप उलगडतात.

मालक कोण?

राज्यघटनेत खेळ हा राज्यसूचीतला विषय आहे, नोंद क्रमांक ३३. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आलं. म्हणजे विद्यापीठातला खेळाडू खेळतो तो राज्याच्या विषयात आणि शिकतो तो केंद्र-राज्य दोघांच्या विषयात. दिल्लीत शिक्षण मंत्रालय वेगळं, क्रीडा मंत्रालय वेगळं. विद्यापीठीय क्रीडा ही पूर्णपणे आपली जबाबदारी आहे असं यातलं कुणीच म्हणत नाही.

ही मोकळी जागा भरून काढली ती विद्यापीठांच्या स्वतःच्या संघटनेनं, म्हणजे भारतीय विद्यापीठ संघानं. मैदानावर त्याला सगळे एआययू म्हणतात. १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून ते सुरू झालं, १९६७ मध्ये सोसायटी म्हणून नोंदलं गेलं आणि १९७३ मध्ये आजचं नाव मिळालं. एआययू सरकारी खातं नाही. सुमारे हजार विद्यापीठं तिची सभासद आहेत, अध्यक्ष एखादे कुलगुरू असतात आणि रोजचा कारभार महासचिव पाहतात. अभ्यासक्रमांची समकक्षता ठरवणारी हीच संस्था देशातल्या आंतरविद्यापीठ स्पर्धाही चालवते. क्रीडा मंत्रालय तिला क्रीडा प्रसार करणारी राष्ट्रीय संस्था म्हणून मान्यता देतं आणि त्या नात्यानं अनुदानही देतं. बाकी पैसा येतो तो विद्यापीठांच्या वार्षिक वर्गणीतून आणि क्रीडा संलग्नता शुल्कातून. म्हणजे पुन्हा त्या पावतीवरूनच.

खेळाची परंपरा मात्र एआययूच्या आजच्या नावाहून जुनी आहे. क्रिकेटची रोहिंटन बारिया ट्रॉफी १९३५-३६ मध्ये सुरू झाली. पहिली काही वर्षं ती क्रिकेट मंडळानं चालवली, १९४०-४१ पासून आंतरविद्यापीठ क्रीडा मंडळानं. अजित वाडेकरांनी मुंबई विद्यापीठाकडून खेळताना ३२४ धावांची खेळी केली ती याच स्पर्धेत आणि पुढे सुनील गावसकरांनी ३२७ करून ती मागे टाकली तीही इथेच. त्या काळी मुंबईच्या संघाचा रस्ता विद्यापीठाच्या मैदानावरून जायचा.

कॉलेज ते ऑल इंडिया

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत खेळाचा कारभार २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ पाहतं आणि विद्यापीठाचे क्रीडा संचालक तो प्रत्यक्ष चालवतात. खालची रचना अशी: कॉलेजचा संघ आंतरमहाविद्यालयीन विभागीय स्पर्धेत उतरतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक असे चार विभाग आहेत. त्यानंतर विभागांचे निवडक संघ आंतरविभागीय स्पर्धेत एकमेकांशी खेळतात. तिथे निवड समिती बसते, संभाव्य खेळाडूंची यादी निघते, सराव शिबिर होतं आणि मग विद्यापीठाचा संघ ठरतो.

पुढचा टप्पा एआययूचा. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, क्रिकेट, फुटबॉल अशा सांघिक खेळांत देश विभागांत वाटला जातो. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश यांची विद्यापीठं पश्चिम विभागात येतात, बोलीभाषेत वेस्ट झोन. अ‍ॅथलेटिक्स, जलतरण, कुस्ती यांसारख्या वैयक्तिक खेळांत विभागीय फेरी नसते, थेट ऑल इंडिया, म्हणजे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा.

झोनची रचना नीट समजून घ्यायला हवी, कारण पालक आणि कधीकधी खेळाडूही इथे चुकतात. सुरुवातीचे सामने बाद पद्धतीचे असतात. चार संघ उरले की ते चौघं साखळी खेळतात आणि पहिला ते चौथा क्रमांक ठरतो. पण ऑल इंडियाला चौघंही जातात. ६४ संघ आले आहेत असं धरा. ६४ चे ३२, ३२ चे १६, १६ चे ८, ८ चे ४. सलग चार सामने जिंकले की ऑल इंडिया पक्कं. म्हणून झोनमधला सगळ्यात जड सामना अंतिम फेरीचा नसतो, आठातून चारात जाण्याचा असतो. त्या दिवशी हरलेला संघ दुसऱ्या सकाळी सामान बांधतो. पुढचे तीन साखळी सामने हरलेला संघसुद्धा ऑल इंडियाला जातो, फक्त चौथ्या क्रमांकानं. गेल्या वर्षीच्या पहिल्या चार संघांना मानांकन देऊन ड्रॉच्या चार वेगवेगळ्या भागांत ठेवतात. त्यामुळे मानांकन नसलेल्या संघाला त्यांच्यापैकी एकाला हरवल्याशिवाय चारात शिरता येणं अवघड असतं. चौथ्या क्रमांकाची किंमत अशी पुढच्या वर्षापर्यंत टिकते. साखळीत ढिलाई करणाऱ्या संघांना हे उशिरा कळतं.

महाराष्ट्रात अश्वमेध नावाचा राज्य आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवही होतो. राज्यापुरता तो महत्त्वाचा आणि चुरशीचा आहे, पण ऑल इंडियाच्या शिडीतली ती पायरी नव्हे.

एका संघाचा खर्च

आता पैसा. खालचे आकडे उदाहरणापुरते आहेत. प्रत्येक विद्यापीठाचे दर वेगळे असतात, पण आकडेमोडीची रीत हीच.

कबड्डीचा संघ राजस्थानात वेस्ट झोनला निघाला आहे. १२ खेळाडू, १ प्रशिक्षक, १ संघ व्यवस्थापक, एकूण १४ माणसं. रेल्वेचं जाण्या-येण्याचं स्लीपर भाडं माणशी १,५०० धरलं तर २१,००० रुपये. दैनिक भत्ता ४०० रुपये, प्रवास धरून ८ दिवस: १४ गुणिले ८ गुणिले ४००, म्हणजे ४४,८००. ट्रॅकसूट, जर्सी, शॉर्ट्स, बूट असं किट खेळाडूमागे ३,०००, म्हणजे ३६,०००. जाण्याआधी १० दिवसांचं शिबिर, जेवण-राहणं खेळाडूमागे दिवसाला ३०० रुपये, म्हणजे आणखी ३६,०००. प्रवेश शुल्क, स्टेशनपासूनची गाडी, औषधपेटी मिळून ७,०००. बेरीज १,४४,८०० रुपये. हा एका संघाचा, फक्त झोनचा खर्च. संघ पहिल्या चारांत आला तर ऑल इंडियासाठी प्रवास आणि भत्ता पुन्हा पहिल्यापासून. बहुतेक अंदाजपत्रकांत हा दुसरा खर्च धरलेलाच नसतो, आणि जिंकणाऱ्या संघाचीच पंचाईत होते.

मुलं-मुली मिळून विद्यापीठ ५० संघ पाठवत असेल तर हाच खर्च ७२ लाखांच्या वर जातो. ३ लाख विद्यार्थ्यांकडून ३० रुपयांप्रमाणे क्रीडा शुल्क आलं तर ते ९० लाख होतं. उरलेल्या जेमतेम साडेसतरा लाखांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची पंच-मानधनं, मैदानाची निगा, मॅट, बॉल, बक्षिसं आणि एआययूचं शुल्क बसवायचं. कात्री कुठे लागते ते उघड आहे: शिबिर १० दिवसांचं ४ दिवसांवर येतं, फिजिओ कधी सोबत जातच नाही आणि भत्त्याचे दर वर्षानुवर्षं तेच राहतात. ४०० रुपयांत कुस्तीगीर दिवसभर काय खाईल याचा विचार दरपत्रक बनवणाऱ्यानं एकदा तरी करायला हवा.

प्रवासाचा खर्च यजमान विद्यापीठ देत नाही, एआययूही देत नाही. यजमानाकडे मैदान, पंच, राहण्याची सोय आणि स्पर्धेचं आयोजन असतं. त्यासाठी त्याला प्रवेश शुल्क आणि एआययूकडून येणारी मदत वापरता येते, पण पदरचे पैसे घालावे लागतातच. स्पर्धेवर देखरेखीसाठी एआययू निरीक्षक नेमते. तिकीट संघाला पाठवणारं विद्यापीठच काढतं. संघ व्यवस्थापक लेखा विभागाकडून अग्रिम, म्हणजे आगाऊ रक्कम, उचलतो आणि परत आल्यावर पावत्या, भत्त्याच्या सह्यांचा तक्ता आणि स्पर्धेचा हजेरी दाखला जोडून हिशेब देतो. एका व्यवस्थापकाचा जुना अग्रिम जुळवायचा राहिला असेल तर नवा मंजूर होत नाही. मग निघायच्या आदल्या दिवशी कॉलेजचा कुणीतरी प्राध्यापक स्वतःच्या खिशातून तिकिटं काढतो. ही अपवादानं घडणारी गोष्ट नाही, आणि ती बंद करायला फार काही लागत नाही: स्पर्धा कार्यक्रमपत्रिका जाहीर झाल्या झाल्या सगळ्या संघांचे अग्रिम एकाच बैठकीत मंजूर करायचे.

दुसरी अडचण तारखांची. स्पर्धांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च, आणि सत्र परीक्षाही नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास. तारखा उशिरा कळल्या की रेल्वेचं आरक्षण मिळत नाही. खेळाडू दीड दिवस दाटीवाटीत बसून जातात आणि उतरल्यावर काही तासांत मॅटवर उभे राहतात. परीक्षा बुडाली तर विशेष परीक्षा घ्यायची की नाही हे प्रत्येक विद्यापीठ आपल्या नियमानुसार ठरवतं. म्हणून जाण्यापूर्वीच कॉलेजचं पत्र परीक्षा विभागात देऊन पोच घेणं महत्त्वाचं. परतल्यावर दिलेलं पत्र बहुधा फिरत राहतं.

पात्रता फॉर्म

मैदानावर न हरता घरी येणारे संघ पात्रता तपासणीत अडकलेले असतात. एआययूच्या स्पर्धेसाठी खेळाडू १७ ते २५ या वयोगटातला, पूर्णवेळ अभ्यासक्रमाला रीतसर प्रवेश घेतलेला विद्यार्थी असावा लागतो. बारावी होऊन किती वर्षं झाली, यालाही मर्यादा आहे. तात्पुरता प्रवेश, दूरशिक्षण किंवा पूर्णवेळ नोकरी असेल तर खेळता येत नाही.

फॉर्मसोबत दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची आणि शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका, ओळखपत्र, आधार आणि यंदाच्या प्रवेशाची पावती लागते. फॉर्मवर प्राचार्य आणि विद्यापीठाचे क्रीडा संचालक, कुलसचिव यांच्या सह्या-शिक्के लागतात. नेहमीच्या चुका ठरलेल्या आहेत. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी. मुलीचं लग्नानंतरचं नाव एका कागदावर, माहेरचं दुसऱ्यावर. मूळ कागद घरी आणि झेरॉक्स सोबत. फोटोवरचा शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर हवा, तो नुसता कागदावर मारलेला. स्पर्धेच्या ठिकाणी, रात्री आठ वाजता, आठशे किलोमीटर लांबच्या कुलसचिवांची सही मिळणार नसते. १२ चा संघ मग ९ जणांनी खेळतो. नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र शिबिर सुरू व्हायच्या आधीच करून ठेवलं की यातलं निम्मं टळतं.

वरचा मजला

खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा २०२० च्या फेब्रुवारीत भुवनेश्वरला सुरू झाली. त्या पहिल्याच वर्षी चंदीगडचं पंजाब विद्यापीठ आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांची सुवर्णपदकं सारखीच, १७-१७ झाली. रौप्य पंजाबची १९, पुण्याची ११. विजेतेपद रौप्यावर गेलं. पुढच्या स्पर्धा बंगळुरू, उत्तर प्रदेश, ईशान्य भारत आणि राजस्थानात झाल्या.

या स्पर्धेत थेट नाव देता येत नाही. सांघिक खेळांत एआययूच्या ऑल इंडियातले वरचे आठ संघ येतात, वैयक्तिक खेळांतही एआययूचा निकालच आधार. खर्च मात्र इथे केंद्राच्या खेलो इंडिया योजनेतून आणि यजमान राज्याकडून होतो: प्रवास, राहणं, किट, जेवण. या योजनेसाठी २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांना ३,१६५.५० कोटी रुपये मंजूर होते, आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तिला १,००० कोटी मिळाले. अर्थात हा आकडा पूर्ण योजनेचा: मैदानं, अकादमी, युवा स्पर्धा सगळं त्यात आलं. योजनेत निवडलेल्या खेळाडूमागे वर्षाला ६.२८ लाख रुपये धरले जातात. त्यातले १.२० लाख, महिना १०,००० प्रमाणे, त्याच्या हातात येतात आणि बाकी प्रशिक्षण, राहणं, स्पर्धा, साहित्य यांवर जातात.

म्हणजे तोच खेळाडू नोव्हेंबरात ४०० रुपये भत्त्यावर झोन खेळतो आणि त्यातून पुढे गेला तर खेलो इंडियात त्याची नीट काळजी घेतली जाते. दरी आहे ती झोन आणि ऑल इंडियाच्या टप्प्यावर, आणि सर्वाधिक खेळाडू तिथेच असतात. केंद्रानं आणखी एक भव्य स्पर्धा भरवण्यापेक्षा झोनचा प्रवासखर्च उचलला तर फरक लवकर दिसेल, असं आमचं स्पष्ट मत आहे.

माका ट्रॉफी, म्हणजे मौलाना अबुल कलाम आझाद करंडक, १९५६-५७ पासून सर्वोत्तम विद्यापीठाला मिळतो. पहिला मुंबई विद्यापीठाला मिळाला. नंतर तो पंजाबकडे सरकला. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठानं तो वीसपेक्षा जास्त वेळा नेला आहे. बक्षीस १५ लाख रुपयांचं. पूर्वी तो वर्षभराच्या एकत्रित गुणांवर ठरायचा, आता खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतल्या अव्वल विद्यापीठाला जातो. २०२४ चा मान खासगी असलेल्या चंदीगड युनिव्हर्सिटीला मिळाला.

महाराष्ट्र मागे का पडला? पोरांत दम नाही हे उत्तर चुकीचं आहे. एकाच आवारात वसतिगृह, खानावळ, ट्रॅक आणि प्रशिक्षक असलेली खासगी विद्यापीठं फी माफ करून खेळाडू गोळा करतात आणि तलवारबाजी, नेमबाजी, सायकलिंग, कनोइंग अशा अनेक खेळांत संघ उतरवतात. जितके खेळ, तितकी पदकं. आपल्याकडे विद्यापीठाखाली शेकडो संलग्न कॉलेजं. खेळाडू संगमनेर, सिन्नर, बारामतीत आपापल्या गावी राहतो आणि विद्यापीठाचा म्हणून सराव करतो तो शिबिराचे मोजके दिवस. क्रीडा शुल्कही या पसाऱ्यावर पातळ पसरतं.

देशाबाहेर

जागतिक विद्यापीठ स्पर्धा भरवते ती फिसू, म्हणजे १९४९ मध्ये स्थापन झालेली, स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये मुख्यालय असलेली आंतरराष्ट्रीय विद्यापीठ क्रीडा संघटना. तिथे भारताची सभासद एआययू आहे, ऑलिंपिक संघटना नव्हे. म्हणून संघनिवड, नावं पाठवणं, व्यवस्थापक नेमणं ही एआययूची कामं. २०१९ मध्ये नेपल्सला द्युती चंदनं १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. चेंगडूच्या स्पर्धेत, २०२३ मध्ये, भारतानं ११ सुवर्णांसह २६ पदकं मिळवली.

२०२५ च्या जुलैत जर्मनीतल्या ऱ्हाइन-रुहरला मात्र बॅडमिंटनच्या मिश्र संघातल्या १२ पैकी ६ जणांना खेळताच आलं नाही. संघ व्यवस्थापकांच्या बैठकीत सगळी नावं दिली गेली नव्हती. उरलेल्या सहांनी कांस्य आणलं. एआययूला त्यावर चौकशी लावावी लागली. नीट पाहिलं तर ही झोनच्या रात्री आठच्या तपासणीचीच मोठी आवृत्ती आहे: खेळाडू तयार, कागद अपुरा. संघ व्यवस्थापकाला बैठकीपूर्वी नावांची यादी दुसऱ्या माणसाकडून तपासून घेण्याची सक्ती असती तर सहा जणांचं जागतिक विद्यापीठ पदक हुकलं नसतं.

प्रमाणपत्र आणि हिशेब

आंतरविद्यापीठ पदकाचा नोकरीत उपयोग होतो. केंद्र सरकारच्या खेळाडू भरतीत प्रमाणपत्राचे ठरलेले नमुने आहेत: पहिला राष्ट्रीय महासंघाचा, दुसरा राज्य संघटनेचा, तिसरा विद्यापीठाचा, चौथा शालेय स्पर्धांचा. आपल्याला लागतो नमुना ३, आणि त्यावर विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांची किंवा क्रीडाप्रमुखाची सही चालते, प्राचार्यांची नाही. तो खेळलेल्या वर्षीच मागून घ्यावा. पाच वर्षांनी संघाच्या याद्या शोधणं सगळ्यांनाच जड जातं. महाराष्ट्रात ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे करावी लागते. तीही जाहिरात निघायच्या आधी करून ठेवलेली बरी.

आणि क्रीडा शुल्काचं काय झालं हे विचारायचं असेल तर त्याची जागाही ठरलेली आहे. विद्यापीठाचं अंदाजपत्रक दरवर्षी अधिसभेपुढे (सिनेटपुढे) येतं, त्यात क्रीडा विभागाचं वेगळं शीर्ष असतं. सार्वजनिक विद्यापीठाला माहिती अधिकार कायदा लागू आहे. अर्जात चार गोष्टी मागा: गेल्या तीन वर्षांत क्रीडा शुल्क किती जमा झालं, त्यातलं खर्च किती झालं, न खर्चलेली रक्कम कुठल्या खात्यात आहे, आणि दैनिक भत्त्याचा दर शेवटचा कधी बदलला. चौथ्या प्रश्नाचं उत्तर आधी वाचा.